ॲडमिरलांचा तळहात

कोल्हापुरात माझ्या माईकवर थुंकी उडवली नाही असा वक्ता सापडणं कठीण. शिवाजी पेठेत आमचा मांडव आणि लाउडस्पीकरचा धंदा. बारशापासून शोकसभेपर्यंत सगळीकडं आमचाच कर्णा. तंबाखूचा बार धरून बोलणारे नगरसेवक पाहिले, जेवणावरून उठून ढेकर देत आशीर्वाद देणारे बुवा पाहिले, माईकची जाळी जवळजवळ तोंडात घालणारे निवेदक पाहिले. कार्यक्रम संपला की मी स्पिरिटच्या बोळ्यानं माईक पुसायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. माणूस बोलणार म्हटल्यावर तोंडातून थोडं काही उडायचंच, त्याची कसली किळस. किळस आली ती एकाच माणसाची, आणि तो बोलण्याआधी माझा माईक स्वतःच्या रुमालानं पुसून घ्यायचा.

रिअर ॲडमिरल जयसिंगराव इंगवले. नौदलातून निवृत्त होऊन नव्वदीचं दशक संपता संपता कोल्हापुरात परतले आणि ताराबाई पार्कात बंगला बांधून राहिले. उंच, ताठ, साठी आली तरी पोट नाही. अंगात निळा कोट, बुटांना असं पॉलिश की वाकून भांग पाडावा. रुमाल पांढरा, इस्त्रीचा, यू-डी-कोलनचा वास मारणारा. माईक पुसून झाला की तो रुमाल ते खिशात परत घालत नसत. दोन बोटांत धरून माझ्या ॲम्प्लिफायरवर टाकत. माझ्याकडे बघतसुद्धा नसत. असे बरेच रुमाल माझ्या घरी जमले. बायको ते उकळत्या पाण्यात टाकायची आणि शेगडी पुसायला घ्यायची.

साहेब मूळचे आमच्याच पेठेतले. पेठेत घरटी एक मिलिटरीतला माणूस आहे, त्यामुळं सुभेदार-हवालदारांचं आम्हाला नवल नाही. पण समुद्र बघायचा तर आम्हाला घाट उतरून जावं लागतं, आणि नौदलाचा एवढा मोठा अधिकारी पेठेनं जन्मात बघितला नव्हता. तेव्हा तालमीच्या पोरांनी सत्कार ठरवला. मांडव माझा, साउंड माझं.

पोरांनी मोठं बॅनर रंगवून आणलं होतं आणि त्यावर 'ॲडमिरल जयसिंगराव इंगवले' असं लिहिलं होतं. 'रिअर' खाल्लं होतं. साहेब गाडीतून उतरले, बॅनरसमोर थांबले, नीट वाचलं. मला वाटलं, आता पोरांना झापणार. ते मान ताठ करून पुढं चालायला लागले. पुढं सहा-सात वर्षं मी त्यांना सगळ्या कोल्हापूरच्या चुका काढताना पाहिलं, पण ह्या एका चुकीला त्यांनी कधी हात लावला नाही.

मग व्यासपीठाच्या पायरीशी येऊन थांबले. वर मधल्या खुर्चीवर गणपा वस्ताद बसले होते. वय नव्वदीच्या घरात, ऐकू येत नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. लहानपणी ह्याच जयसिंगला त्यांनी लाल मातीत लोळवून लोळवून उभं केलं होतं.

"मध्ये कोण बसलंय?" साहेबांनी विचारलं.

"आपलं वस्ताद की, साहेब. तुमचं बी वस्ताद."

"व्यासपीठावर सर्वांत सीनिअर माणूस मध्ये बसतो."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग चौघांनी वस्तादांना खुर्चीसकट उचललं आणि कडेला नेऊन ठेवलं. वस्तादांना वाटलं कार्यक्रम संपला. ते बसल्या जागेवरून लोकांना नमस्कार करायला लागले. आणि आम्ही काय केलं? साहेब मध्ये बसल्याबरोबर टाळ्या वाजवल्या. कडाडून. पेठेला कुस्ती कळते, फुटबॉल कळतो, पण मोठा साहेब दिसला की आमची पाठ आपोआप वाकते. ह्याची मला आजही शिसारी आहे.

त्या दिवशी भाषणात त्यांनी आम्हाला नौदलाच्या पदांची शिकवणी दिली. उजवा हात पुढं करून डाव्या हाताच्या बोटानं कोटाच्या बाहीवर पट्ट्या दाखवल्या. कोट साधा होता, पट्ट्या नव्हत्या, पण ते अशा खात्रीनं दाखवायचे की दिसायला लागायच्या. कॅप्टनला चार पट्ट्या. त्याच्या वर कमोडोर, एकच रुंद पट्टा. रिअर ॲडमिरलला रुंद पट्ट्यावर एक बारीक, व्हाइस ॲडमिरलला दोन, ॲडमिरलला तीन. तो ॲडमिरल म्हणजे नौदलाचा प्रमुख.

"त्याच्याही वर एक पद आहे," ते म्हणाले. "पाच ताऱ्यांचं. आपल्या नौदलात आजवर कुणाला मिळालेलं नाही. त्या पदाचा माणूस निवृत्तच होत नाही. मरेपर्यंत नोकरीत असतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग पेन्शनीचं कसं ओ साहेब?"

मांडव हसला. साहेब हसले नाहीत. सगळे गप्प होईपर्यंत ते समोर बघत उभे राहिले आणि पुढचं वाक्य असं बोलले जणू मध्ये काही झालंच नाही.

त्यांना एक बारीक पट्टी मिळाली होती. दुसरी मिळाली नाही, एवढंच त्यांचं दुखणं. दिल्लीत कुणी डावललं, कोणता दोन वर्षं कनिष्ठ माणूस व्हाइस ॲडमिरल झाला, हे ते हार घालायला आलेल्या माणसालाही सांगत. बोलता बोलता डाव्या हाताची दोन बोटं उजव्या बाहीवर यायची आणि जिथं ती दुसरी पट्टी असायला हवी होती तिथं कापड चोळायची. सगळे कोट तिथं चकाकायला लागले होते. मिशीला पीळ देणारी माणसं मी पुष्कळ बघितली, पण न मिळालेल्या पट्टीला कुरवाळणारा हा एकच.

शाळांच्या कार्यक्रमांना त्यांना फार मागणी. तिथं एक खेळ ते नेहमी खेळायचे. नौदलात म्हणे कनिष्ठानं सलाम केला की वरिष्ठानं तो परत करेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. तर शाळेची कॅडेट पोरं ओळीनं सलाम ठोकून उभी राहायची आणि साहेब मुख्याध्यापकांशी पावसापाण्याचं बोलत बसायचे. पोरांचे हात थरथरायला लागायचे. एकदा आठवी-नववीतल्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. मग त्यांनी आणखी एक प्रश्न मुख्याध्यापकांना विचारला, त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घेतलं आणि नंतर दोन बोटं कपाळाला लावली. "शिस्त," ते म्हणाले. मुख्याध्यापक हो हो करत हसले.

रंकाळ्यावरची गंमत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तिथं नवी बोट आणली होती आणि उद्घाटनाला साहेबांशिवाय दुसरं कोण मिळणार. बोटीत चढायचाही नियम निघाला. सर्वांत वरिष्ठ माणूस शेवटी चढतो आणि उतरताना सर्वांत आधी उतरतो. आमचे नगरसेवक भाबडे, त्यांनी आधी साहेबांना चढवलं. साहेब परत उतरले. सगळ्यांना चढवून मग स्वतः चढले. बोट थोडी आत गेली आणि पाण्यावर माजलेल्या केंदाळात अडकून बसली. यंत्र बंद पडलं. काठ दिसत होता, पाणी गुडघाभरच, पण खाली हिरवा बुळबुळीत गाळ आणि त्याचा वास.

एक नगरसेवक म्हणाला, "चला साहेब, उतरा. आधी तुम्ही. तुमचाच नेम हाय."

दुसरा म्हणाला, "पर कप्तान तर शेवटी उतरतोय म्हणं ओ."

"ते बुडणाऱ्या जहाजावर," साहेब म्हणाले. "ही बोट आहे."

पण गाळात पाय घालायचा धीर होईना. शेवटी बोटवाला पाण्यात उतरला, वाकला आणि साहेब त्याच्या पाठीवर बसले. बूट स्वतःच्या हातात धरले होते, पॉलिश बिघडू नये म्हणून. बोटवाला कमरेत वाकून गाळातून चालत होता आणि ते पाठीवरून त्याला डावीकडं, उजवीकडं सांगत होते. काठावर उतरल्यावर त्यांनी रुमाल काढून मानेला जिथं त्या माणसाचे केस लागले होते तिथं पुसलं. बोटवाला पाणी निथळत बाजूला उभा होता. मी काठावर कर्णा लावून बसलो होतो. त्या दिवसापर्यंत मला त्यांचं हसू यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा ते कमी झालं.

आता कांबळेमामांचं सांगतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला दत्ताराम कांबळे राहायचे. उद्यमनगरात एका फौंड्रीत साचे भरायचं काम. तळहाताच्या रेषांत काळं इतकं मुरलेलं की राखेनं घासा नाहीतर रॉकेलनं, निघायचं नाही. घरात बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी नौदलाच्या पांढऱ्या कपड्यातल्या अशोकचा फोटो. अशोक त्यांचा एकुलता एक. शाळा संपताच नौदलात गेला, जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागला, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जहाजावर आग लागून त्यात गेला. पेटी आली ती बंद. उघडू नका म्हणून सांगितलेलं. मामींनी पेटीला हात लावून नुसतं बघितलं. त्यानंतर येईल त्याला त्या एकच विचारायच्या, "माझ्या पोराला तरास झाला असंल का ओ?" डॉक्टरला विचारलं, भन्तेजींना विचारलं, मलाही विचारलं. कोण काय सांगणार. जेवताना मध्येच त्यांचा हात थांबायचा आणि ताट तसंच राहायचं.

त्या जहाजाचा कॅप्टन इंगवले नावाचा होता, एवढं पेटीबरोबर आलेल्या माणसानं मामांना सांगितलं होतं. त्यामुळं साहेब कोल्हापुरात राहायला आले तेव्हा सगळ्या पेठेत खरा आनंद कुणाला झाला असेल तर मामांना. आपल्या पेठेचा माणूस, आपल्या पोराचा कप्तान. बंगल्यावर कसल्यातरी पूजेचा मांडव घालायला मी निघालो तेव्हा मामा धुतलेला शर्ट घालून माझ्या टेम्पोत येऊन बसले.

साहेब व्हरांड्यात खुर्चीवर होते. मामांनी पायरीखाली उभं राहून सलाम ठोकला, पोलीस ठोकतात तसा, पंजा समोर उघडा.

"साहेब, अशोक कांबळेचा बाप मी. तुमच्या जहाजावर हुता."

आडनाव ऐकल्यावर साहेबांचा चेहरा गुळगुळीत झाला. असे चेहरे पेठेत मी पुष्कळ बघितलेत. त्यांनी मामांच्या हाताकडं बघितलं.

"हे पोलिसाचं झालं. नौदलात पंजा खाली असतो. मुलानं शिकवलं नाही तुम्हाला?"

ते उठले, खाली आले, दोन बोटांनी मामांचं मनगट धरलं आणि पंजा जमिनीकडं वळवला. मग तिथंच उभं राहून समजावून सांगितलं. पूर्वी शिडाची जहाजं होती. खलाशांचे हात डांबरानं काळे झालेले असायचे. ते घाणेरडे तळहात वरिष्ठांना बघावे लागू नयेत म्हणून सलाम करताना पंजा खाली वळवायचा. "सुंदर प्रथा आहे," ते म्हणाले आणि रुमालानं आपली दोन बोटं पुसली. मामांनी आपला हात उलटा करून एकदा बघितला आणि पाठीमागं नेला.

"साहेब, एकच इचारायचं हुतं. मालकीण लई झुरती. पोराला तरास झाला का?"

"क्षणात गेला," साहेब म्हणाले. "त्याला काही कळलंसुद्धा नाही. मी स्वतः तिथं होतो."

मामांनी पाठीमागचा हात पुढं आणला. त्यांनी पुन्हा सलाम केला, ह्या वेळी पंजा खाली. साहेबांनी तो परत केला का, मला आठवत नाही. बहुतेक नाहीच.

ते वाक्य मामा घरी घेऊन गेले. मामींनी ते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. मग मला बोलावून माझ्याकडूनही म्हणवून घेतलं. "सवता सायबांनी सांगितलं?" "व्हय मामी." "क्षणात?" "व्हय." त्या पौर्णिमेला त्या विहारातून आल्या आणि किती वर्षांनी गल्लीतल्या बायकांत बसून बोलल्या. ताटात अन्न टाकणं बंद झालं. एका वाक्यावर बाई जगायला लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तेव्हापासून साहेबांचा कार्यक्रम असला की मामा मागच्या ओळीत हजर. भाषण संपलं की उभे राहून सलाम, पंजा खाली. कुणी साहेबांना नावं ठेवली तर मामा म्हणायचे, "असू दे की. तेवढ्या मोठ्या माणसाला थोडं असतंयच. माझ्या घरातला दिवा त्येंनी लावलाय." मीही मग गप्प बसायचो.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग शहरातल्या एका क्लबात साहेबांचं व्याख्यान ठरलं. विषय 'निर्णय'. मामांच्या फौंड्रीचे मालक त्या वर्षी क्लबाचे अध्यक्ष होते. हॉल मोठा आणि कामाचा दिवस, खुर्च्या भरेनात. तेव्हा मालकांनी कारखान्यातली माणसं टेम्पोत घालून आणली आणि मागच्या ओळीत बसवली. त्यात मामा. त्यांना काय, आनंदच. मला बघून लांबून हात केला.

साहेबांनी माईक पुसला, रुमाल माझ्या मशीनवर टाकला आणि सुरुवात केली. नेहमीचं थोडं झाल्यावर म्हणाले, "आज तुम्हाला मी एक अशी गोष्ट सांगतो जी शाळांत सांगत नाही."

गोष्ट अशी. ते कॅप्टन असताना भर समुद्रात इंजिनरूमला आग लागली. शेजारी दारूगोळा. जहाजावर शेकडो माणसं. आग विझवायचा एकच उपाय, वरचं लोखंडी झाकण बंद करायचं आणि आत गॅस सोडायचा. आग मरते. आत कुणी असेल तर तोही मरतो. आत तीन माणसं होती.

"मी झाकण बंद करायला लावलं," साहेब म्हणाले. "आणि मग खालून ठोकायचा आवाज यायला लागला."

इथं ते थांबले.

"माझा दुसऱ्या नंबरचा अधिकारी रडायला लागला. म्हणाला, सर, उघडू या. मी म्हणालो, नाही. ठोकणं थांबेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. मग मेसमध्ये गेलो आणि रोजच्या वेळेला जेवायला बसलो. पूर्ण जेवलो. माणसांनी आपल्या कॅप्टनला जेवताना बघायला पाहिजे. लीडरशिप म्हणतात ती ही."

टाळ्या पडल्या. पुढच्या ओळीतले कारखानदार माना हलवत होते. एक जण उभा राहून टाळ्या वाजवत होता.

झाकण बंद करणं बरोबरही असेल. शेकडो माणसं त्यानं वाचली असतील. मला जहाजातलं काही कळत नाही आणि त्या निर्णयाबद्दल मी बोलतच नाही. मला ओकारी आली ती त्या थांबण्याची. जन्मभर माईकशेजारी बसून मला वक्त्यांचे थांबे कळतात. 'ठोकायचा आवाज यायला लागला' म्हणून ते जे थांबले, तो थांबा बेतलेला होता. ही गोष्ट शाळांत सांगितली नसली तरी अनेक बैठकांत, अनेक ग्लासांवर सांगून घोटलेली होती. पोरांच्या मरणातून ह्या माणसानं टाळीची जागा काढली होती. इथून पुढं मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? मागच्या ओळीत एक हात वर होता. मी बिनवायरचा माईक घेऊन गेलो. मामा उभे होते. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, आवाज किती येळ येत हुता?"

इंगवले डोळे बारीक करून बघायला लागला. "कोण बोलतंय? उभे राहून नाव सांगा."

"उभाच हाय, साहेब. कांबळे. अशोकचा बाप. तुम्ही म्हणला हुता, क्षणात गेला."

इंगवल्याची दोन बोटं बाहीवर गेली. तो मालकांकडं वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "ह्या लोकांना आत कुणी घेतलं?" त्याच्यासमोरचा माईक चालू होता. तो बंद करायचा तर बटण माझ्या हातात नव्हतं, मी मामांशेजारी उभा होतो. ते वाक्य चारी कर्ण्यांतून सगळ्यांनी ऐकलं.

मग तो ताठ झाला आणि मामांना म्हणाला, "ते तुमच्यासाठी सांगितलं होतं. हे ह्या लोकांसाठी आहे. बसा आता."

मामा बसले नाहीत. त्यांनी माईक आपल्या शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिला. "म्हंजी लई येळ आला असणार," ते मला म्हणाले आणि चालत बाहेर गेले. अध्यक्षांनी लगबगीनं चहा जाहीर केला. बटाटेवडे चांगले होते म्हणे. लोक दोन-दोन घेत होते.

सामान आवरून मी बाहेर आलो तर मामा माझ्या टेम्पोत बसून होते. गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, "घरात बोलायचं न्हाय. तिला जे म्हाईत हाय ते ऱ्हाऊ दे."

"व्हय मामा."

"कारखान्यातल्या सगळ्यास्नी सांगतो मी. कुणी बोलणार न्हाईत."

आणि कुणी बोललं नाही. एवढी माणसं, एवढीशी पेठ, पण मामींच्या कानावर ते गेलं नाही. मामी आणखी दोन वर्षं जगल्या. शेवटच्या दुखण्यात त्या मामांना म्हणायच्या, "अशोक सुटला तसं मला बी सुटू दे. क्षणात." मामा त्यांचे पाय दाबत म्हणायचे, "व्हय."

वाटलं होतं, त्या दिवसानंतर इंगवले ती गोष्ट सांगायची सोडेल. लाज नावाची वस्तू नसली तरी माणसाला भीती असते. पण काही महिन्यांनी एका कॉलेजात त्याचं भाषण होतं. साउंड आधीच ठरलेलं म्हणून मी गेलो. ती गोष्ट आली. झाकण आलं, ठोकणं आलं, थांबा आला, जेवण आलं. आणि मग नवीन शेपूट आलं. "त्या तिघांपैकी एकाचा बाप मला भेटायला आला. साधा कामगार. त्याला मी सत्य सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, ताठ उभा राहिला आणि मला सलाम केला."

पोरं टाळ्या वाजवायच्या बेतात होती. मी खाली वाकलो आणि फ्यूज काढून खिशात घातला. इंगवल्याचं तोंड हलत राहिलं, आवाज पहिल्या ओळीपलीकडं जाईना. प्राचार्य धावत आले. मी म्हणालो, "लाईट गेली." डोक्यावर पंखे फिरत होते. प्राचार्यांनी पंख्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बिचारे परत जाऊन बसले. त्या दिवसाचा रुमाल मी गटारात टाकला. त्यानंतर त्याच्या कार्यक्रमाला माझा कर्णा गेला नाही.

मामी गेल्यावर मामांनी फौंड्री सोडली. घरी बसून डोकं फिरेल म्हणाले आणि माझ्याबरोबर मांडवाच्या कामाला यायला लागले. इंगवल्याचं नाव आम्ही काढत नसू. त्याला झटका आला, वाचा गेली, डोकं राहिलं नाही, एवढं कानावर आलं होतं. मी ऐकून सोडून दिलं. वाईट वाटलं असं खोटं कशाला सांगू.

मग ताराबाई पार्कात एका लग्नाचा मांडव उतरवायला गेलो, तो नेमका त्याच्या शेजारचा बंगला. तो फाटकाशी उभा होता. पायजम्यावर निळा कोट चढवलेला, पायात बूट, एका बुटाची नाडी सुटलेली. हनुवटीवर लाळ आली होती आणि ती पुसायला हातात रुमाल नव्हता. रस्त्यानं जाईल त्याला तो सलाम करत होता. दूधवाल्याला केला, कचऱ्याच्या गाडीला केला, सायकलवरच्या पोरीला केला. पंजा खाली, अगदी नियमात. दूधवाल्यानं हसून कपाळाला हात लावला तेव्हा त्याचा हात खाली आला. पोरगी तशीच पुढं गेली, तर ती वळणाआड जाईपर्यंत हात वरच. मग त्याला सांभाळणारी बाई आली आणि तिनं तो धरून खाली घेतला. "दिवसभर हेच चाललेलं असतंय बघा," ती आम्हाला म्हणाली आणि आत गेली.

मामा खांद्यावर बांबू घेऊन फाटकावरून चालले होते. इंगवल्यानं त्यांना बघितलं आणि सलाम केला.

मामा थांबले. बांबू भिंतीला टेकवला. मला वाटलं, आता शिवी देणार, आणि द्यावी असं मनापासून वाटलं. मामा फाटकाजवळ गेले, गजांतून हात आत घातला, इंगवल्याचं मनगट धरलं आणि पंजा उलटा केला. जेवायला बसण्याआधी आई पोराचे हात बघते तसा तो तळहात त्यांनी बघितला. गोरा, मऊ, गुलाबी. मामांची काळी बोटं त्याच्यावर उठून दिसत होती.

"सोच्छ हाय की," मामा म्हणाले.

त्यांनी मनगट सोडलं, आपला हात पँटला पुसला आणि बांबू परत खांद्यावर घेतला. इंगवल्याचा हात पुन्हा कपाळाशी गेला, पंजा खाली, आणि तिथं राहिला. तो मामांकडं बघत होता. मामांनी सलाम परत केला नाही. आम्ही टेम्पोत सामान भरत होतो तेवढा वेळ तो तसाच उभा होता. हात थरथरायला लागला होता. बाई आतून आली नव्हती.

मी टेम्पो चालू केला. मामा शेजारी समोर बघत बसले होते. वळणावर त्यांनी विचारलं, "हात खाली घेतला का त्यानं?"

मी आरशात बघितलं.

"न्हाय."

"असू दे," मामा म्हणाले.